लपवलेला भाडेकरार : माजी जोडीदाराच्या पाठलागाचं नाशिकमधलं एक प्रकरण

ती पहिल्यांदा भेटायला आली तेव्हा सोबत आई होती, आणि बोलत फक्त आईच होती. "ओळखीतला एक मुलगा आहे, हिच्या मागे लागलाय. पोलिसांत अर्ज दिला. त्यांनी बोलावून समज दिली. चार दिवस गप्प बसला, आता परत तेच." मुलगी मांडीवरच्या प्लास्टिकच्या पिशवीची गाठ सोडत आणि बांधत होती. पिशवीत बँकेच्या स्टेटमेंटचे कागद होते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात दुपारच्या सुट्टीत इतकी वर्दळ असते की तिथे मनातलं कुणी बोलत नाही. मी वकील आहे. मी कागद ठेवून घेतले आणि दोन दिवसांनी तिला एकटीला यायला सांगितलं.

हे लिहायला तिने परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदललेत, आणि अशाच आणखी दोन प्रकरणांतल्या काही गोष्टी यात मिसळल्यात. त्यामुळे यात कुणी चेहरे शोधू नयेत. कायद्याचा भाग मात्र आहे तसाच ठेवला आहे.

ती २७ वर्षांची. सातपूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. माहेर निफाड तालुक्यात. तो औषध कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे आपण ज्याला एमआर म्हणतो. कॅनडा कॉर्नर, गंगापूर रोड, मुंबई नाका या भागातल्या दवाखान्यांतून त्याचं दिवसभर फिरणं. तीन वर्षांची ओळख होती. लग्नाचं बोलणं त्यानेच काढलं होतं आणि पुढे ढकलतही तोच राहिला. दोनदा हात उचलला. दुसऱ्या वेळेनंतर, दिवाळीच्या तोंडावर, ती बॅग भरून इंदिरानगरला मावशीकडे राहायला आली.

मग सुरू झालं. दिवसाला ५०-६० फोन. नंबर ब्लॉक केला की नवीन सिम. इन्स्टाग्रामवर दर आठवड्याला नवं खातं. मावशीच्या मुलीला मेसेज, कंपनीच्या एचआरला जुने फोटो. सकाळी सिटीलिंक या शहर बसच्या थांब्यावर ती उभी असली की समोरच्या टपरीवर तो. तो जवळ येत नसे, बोलत नसे. ती बसमध्ये चढली की मेसेज यायचा : "निळा रंग तुला शोभत नाही." गोविंदनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर ती चालायला जायची, ते तिने सोडलं. मावशीकडे जायचा रस्ता रोज बदलायला लागली. कंपनीत ज्या खिडकीतून गेट दिसतं, तिच्याशेजारची जागा मागून घेतली.

सगळीकडून ब्लॉक झाल्यावर त्याने एक वाट शोधली. यूपीआयवरून एक रुपया पाठवायचा आणि टिपणीच्या रकान्यात मजकूर लिहायचा. "उचल फोन." "मावशीकडे किती दिवस?" "आज उशीर झाला." पिशवीतल्या स्टेटमेंटवर अशा ३७ नोंदी होत्या. प्रत्येकी एक रुपया.

ती मला म्हणाली, "ताई, याला पुरावा म्हणतात का? लोक म्हणतील पैसे घेतलेस."

मी तिला सांगितलं की तुझ्याकडच्या सगळ्या गोष्टींत हाच सगळ्यात भक्कम पुरावा आहे. व्हॉट्सॅपचा मेसेज तो पुसू शकतो, इन्स्टाग्रामचं खातं बंद करू शकतो, थांब्यावर उभा होता हे तर सरळ नाकारू शकतो. बँकेची नोंद त्याला पुसता येत नाही. त्यात तारीख, वेळ, पाठवणाऱ्याचं खातं आणि त्याचे शब्द, सगळं एकत्र आहे. बँकेने प्रमाणित करून दिलेली नोंद न्यायालय १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याखाली पुरावा म्हणून स्वीकारतं.

नकार कुठे आणि कसा नोंदला गेला

भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ पाठलागाबद्दल आहे. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांना जुनं कलम ३५४ ड लागतं. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीचा अहवाल आला आणि २०१३ च्या दुरुस्तीने ते भारतीय दंड संहितेत आलं. मजकूर जवळपास तोच आहे. बाईने स्पष्ट अनिच्छा दाखवल्यानंतरही पुरुष पुन्हा पुन्हा तिच्या मागे जातो, संपर्क करतो किंवा करायचा प्रयत्न करतो, तर तो गुन्हा. ती इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक साधन कसं वापरते यावर पाळत ठेवली, तर तोही गुन्हा.

यातल्या दोन शब्दांवर पुढची सगळी लढाई होते : "स्पष्ट" आणि "पुन्हा पुन्हा". एकदाच मागे आला म्हणून हे कलम लागत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही म्हटलं आहे. म्हणून तारखांची वही लागते. आणि नकार दाखवता यावा लागतो.

तिने नकार दिला होता, पण तो विखुरलेला होता. फोनवर रडत दिलेला, भांडणात दिलेला, एका लांबलचक मेसेजच्या मधोमध दिलेला. त्यात भर म्हणजे जानेवारीत त्याने लिहिलं, "मी जीव देईन आणि चिठ्ठीत तुझं नाव लिहीन." त्यावर तिने घाबरून उत्तर दिलं : "असं काही करू नको, आपण बोलू." कुणीही माणूस हेच लिहील. पण उलटतपासणीत हाच मेसेज वाचून दाखवला जाणार, हे मला दिसत होतं.

म्हणून आम्ही नव्याने एकच मेसेज पाठवला. त्यात कारण नव्हतं, जुना विषय नव्हता, राग नव्हता. "आपलं नातं संपलं आहे. मला कोणत्याही मार्गाने संपर्क करू नकोस. माझ्या घराजवळ, कंपनीजवळ, बसथांब्यावर येऊ नकोस. माझ्या नातेवाइकांना आणि सहकाऱ्यांना मेसेज करू नकोस. पैसे पाठवू नकोस. यापुढे असं झालं तर मी गुन्हा नोंदवीन." त्यानंतर तिने एका अक्षराचंही उत्तर द्यायचं नाही, असं ठरलं. शिवीला नाही, माफीला नाही, वाढदिवसाच्या शुभेच्छांनाही नाही. हे पाळणं फार अवघड गेलं तिला. उत्तर दिलं की तो तासभर तरी शांत व्हायचा, आणि त्या तासभराच्या शांततेसाठी ती किती थकली होती ते मला दिसत होतं.

जीव द्यायची धमकी परत आली तर काय करायचं, हेही आधी ठरवून ठेवलं. त्याला उत्तर द्यायचं नाही, पण दुर्लक्षही करायचं नाही. लगेच ११२ ला फोन करून त्याचं नाव, पत्ता आणि मेसेज सांगायचा. फेब्रुवारीत तसा मेसेज आला, तिने फोन केला, पोलीस त्याच्या खोलीवर गेले, त्याच्या भावाला बोलावून घेतलं. तो सुखरूप होता. तिने आपलं काम केल्याची नोंदही झाली.

दुसरं काम फोनचं. ती त्याला नेहमी सापडते कशी, हे कोडं होतं. तिच्या गूगल खात्यात कुठकुठली उपकरणं जोडलेली आहेत ते उघडून पाहिलं तर त्याचा जुना फोन अजून त्यात होता. एकत्र असताना कधीतरी तिने त्यावर लॉगिन केलं होतं. तिने लगेच तो काढून टाकायला बोट उचललं आणि मी तिचा हात धरला. आधी त्या पानाचा फोटो, दुसऱ्या फोनने, तारीख-वेळ दिसेल असा. मग पासवर्ड बदलायचा, मग ते उपकरण काढायचं, मग लोकेशन शेअरिंग बंद. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली गुन्हा आहे. पाळत तुटली की अशी माणसं चिडतात, म्हणून हे सगळं शनिवारी रात्री केलं. मावसभाऊ घरी होता आणि दुसऱ्या दिवशी तिला कुठे जायचं नव्हतं.

पोलीस ठाण्यातले तीन महिने

पहिल्या वेळी ती आणि मावशी दोघीच गेल्या होत्या. ठाणे अंमलदारांनी नीट ऐकून घेतलं, अर्ज घेतला, त्याला बोलावलं. त्याने माफीनामा लिहून दिला. १९ दिवस शांततेत गेले. विसाव्या दिवशी एक रुपया आला : "माफीनामा आवडला का?"

ते ठाणं मी इथे सांगणार नाही, कारण हे कुठल्याही ठाण्यात असंच होतं. अधिकारी वाईट नव्हते. "मुलाचं करिअर आहे, मुलीचं लग्न व्हायचंय, समज देऊन मिटलं तर बरं," असा त्यांचा विचार. पण पाठलाग करणाऱ्याला समज देणं म्हणजे काही झालं तरी समजेवरच सुटका होते हे त्याला शिकवणं, असं माझं ठाम मत आहे. कलम ७८ दखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलिसांना गुन्हा नोंदवून तपास करता येतो. त्यावर गुन्हा नोंदवायला हवा होता, नुसत्या अर्जावर भागवायला नको होतं. शिवाय तिच्याकडे त्या अर्जाची शिक्क्याची पोचही नव्हती.

दुसऱ्यांदा आम्ही तयारीने गेलो. घटनांची तारीखवार दोन पानं, बँकेची नोंद, मेसेजच्या प्रती. घर एका ठाण्याच्या हद्दीत, कंपनी दुसऱ्या, बसथांबा तिसऱ्या. "तुम्ही तिकडे जा" हे ऐकावं लागलंच. हद्द कुठलीही असली तरी कुठल्याही ठाण्याने शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो वर्ग करायचा, हे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच लिहिलं आहे. मेसेजचा गुन्हा तर तो जिथून पाठवला तिथेही चालतो आणि जिथे मिळाला तिथेही. हे शांतपणे सांगितलं. आवाज चढवून काही मिळत नाही, हा माझा अनुभव.

तिची फिर्याद महिला अधिकाऱ्याने लिहून घेतली. ही मेहेरबानी नाही, पाठलागासह काही गुन्ह्यांत कायद्याचं तसं बंधन आहे. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते, तीही तिला मिळाली. मात्र त्याआधी १४ दिवस गेले. तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करायची मुभा नव्या कायद्याने दिली आहे, आणि इथे ती वापरली गेली. त्या १४ दिवसांत सोसायटीच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पुसलं गेलं असतं. डीव्हीआरमध्ये पंधरा-वीस दिवसांच्या वर बहुधा काही उरत नाही. मावशीने आधीच चेअरमनना पत्र देऊन तीन दिवसांचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलं होतं. न्यायालयात ते दाखल करायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, तेही चेअरमनकडून वेळेत घेतलं. नंतर सही मागायला गेलं की माणसं टाळतात.

समजा ठाण्याने गुन्हा नोंदवलाच नाही, तर पुढची पायरी आयुक्तांकडे किंवा ग्रामीण भाग असेल तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज, आणि त्यानेही नाही झालं तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. आमच्यावर ती वेळ आली नाही.

गुन्हा नोंदला त्या रात्री साडेदहाला तिचा फोन आला. "ताई, तो घरी आहे. त्याच्या बहिणीने स्टेटस टाकलाय. सुटला कसा?"

त्याला अटकच केली नव्हती. त्याला नोटीस देऊन हजर राहायला सांगितलं होतं. ही गोष्ट मी आता प्रत्येकीला आधीच सांगते. पहिल्या वेळच्या पाठलागाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, पण गुन्हा जामीनपात्र आहे. जामीनपात्र म्हणजे जामीन हा आरोपीचा हक्क. "तिच्याशी बोलायचं नाही, तिच्या रस्त्याला जायचं नाही" अशा अटी ठाण्यातून त्याच्यावर घालता येत नाहीत. एकदा शिक्षा होऊन परत तोच गुन्हा केला तर पाच वर्षांपर्यंत आणि अजामीनपात्र. पण पहिली शिक्षा व्हायलाच किती वर्षं जातील, ते नाशिकच्या न्यायालयात तारखांना येणाऱ्या कुणालाही विचारा.

गुन्हा नोंदला म्हणजे आता ती सुरक्षित, असं सगळ्या घराने धरलं होतं. आई निफाडहून पेढे घेऊन निघाली होती.

भाडेकरार

आपल्याकडे "या माणसाने या बाईच्या जवळ यायचं नाही" असा थेट आदेश कुणालाही मिळेल असा एक कायदा नाही. असा आदेश सगळ्यात जोरकसपणे देतो तो २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा. त्याचं दार बायको, बहीण, आई, मुलगी यांना उघडं आहे, आणि लग्नासारख्या नात्यात पुरुषासोबत एका घरात राहिलेल्या बाईलाही. मी तिला हे समजावत होते आणि पुढे म्हणाले, "पण तुमचं तसं नव्हतं, त्यामुळे हा रस्ता आपल्याला नाही."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, आईला सांगणार नाही ना?"

पाथर्डी फाट्याजवळच्या एका फ्लॅटमध्ये ते १४ महिने एकत्र राहिले होते. घरच्यांना माहीत होतं ते असं, की ती दोन मैत्रिणींसोबत राहते. दोन महिने मी हे प्रकरण बघत होते आणि हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. आईसोबत आलेली साधी मुलगी बघून मी गृहीत धरलं. ही माझी चूक होती आणि तिची किंमत तिने दोन महिने भोगली. आता पहिल्याच भेटीत, एकटीला, "एकत्र राहत होतात का?" हे मी सगळ्यात आधी विचारते.

जे तिने सगळ्यात जास्त लपवलं होतं, तेच तिचं सगळ्यात मोठं संरक्षण ठरणार होतं.

मात्र नुसतं एकत्र राहणं पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या वेलुसामी प्रकरणात कसोट्या घालून दिल्या : दोघं कायद्याने लग्नाच्या वयाचे हवेत, लग्नाला पात्र, म्हणजे अविवाहित वगैरे हवेत, स्वतःच्या इच्छेने बराच काळ एकत्र राहिलेले हवेत, आणि लोकांसमोर नवरा-बायकोसारखे वावरलेले हवेत. २०१३ च्या इंद्रा सरमा प्रकरणात न्यायालयाने हेही सांगितलं की पुरुष विवाहित आहे हे माहीत असताना ठेवलेलं नातं यात बसत नाही. सुट्टीच्या दिवसापुरतं एकत्र येणं यात मोडत नाही. म्हणून कागद शोधायला लागलो.

भाडेकरारावर दोघांची नावं होती. गॅसचं कार्ड त्या पत्त्यावर. शेजारच्या काकू, ज्यांच्याकडे ती गौरीच्या हळदीकुंकवाला जायची, त्या प्रतिज्ञापत्र द्यायला तयार झाल्या. आणि घरमालकाकडे पोलीस ठाण्यात दिलेल्या भाडेकरू माहितीच्या अर्जाची प्रत सापडली. तो अर्ज त्याने स्वतः भरला होता. तिच्या नावासमोर, नात्याच्या रकान्यात, त्याच्या हस्ताक्षरात लिहिलं होतं : पत्नी.

आता आईला सांगणं भाग होतं. वकिलाला सांगितलेलं गुपित राखायचं बंधन कायद्यानेच माझ्यावर आहे, त्यामुळे माझ्याकडून ते बाहेर गेलं नसतं. सुनावणी बंद दालनात घ्यावी, अशी मागणीही या कायद्याच्या कलम १६ खाली करता येते, आणि ती आम्ही केली. तरी तिने ठरवलं की कोर्टाच्या कागदातून कळण्याआधी आपणच सांगायचं. मावशीच्या स्वयंपाकघरात तिने सांगितलं. मी तिथे नव्हते. नंतर मला मावशीकडून कळलं की आई बराच वेळ भाजी निवडत राहिली आणि मग एवढंच विचारलं, "मारायचा का तो तुला?"

संरक्षण आदेश

अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १२ खाली. तो थेट देता येतो, संरक्षण अधिकाऱ्यामार्फत देता येतो. आम्ही महिला व बालविकास खात्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडून घटनेचा अहवाल करून घेतला, कारण न्यायालयाला तो हातात असला की बरं पडतं. फीबद्दल एक सांगते : विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, आणि मोफत कायदेशीर मदतीची राष्ट्रीय हेल्पलाइन १५१००. पैसे नाहीत म्हणून कुणी थांबू नये. राहायचीच सोय नसेल किंवा पोलीस ठाण्यात जायचं धैर्य होत नसेल तर सखी वन स्टॉप सेंटर आणि १८१ हा महिला मदत क्रमांक आहे.

ज्या गावी ती तात्पुरती राहते तिथल्या न्यायालयातही हा अर्ज चालतो. नातं तुटल्यावर अर्ज केला म्हणून तो फेटाळायचा का, हा मुद्दा त्याच्या वकिलांनी काढलाच. सर्वोच्च न्यायालयाने प्रभा त्यागी प्रकरणात १२ मे २०२२ रोजी स्पष्ट केलं आहे की पूर्वी कधीतरी असं नातं असलं तरी पुरे, अर्जाच्या दिवशी ते चालू असायलाच हवं असं नाही. घटस्फोट झालेल्या बाईलाही याचा उपयोग होतो. तिला नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयातही मनाई मागता येते.

कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, निकाल ६० दिवसांत. प्रत्यक्षात तसं होत नाही. पण कलम २३ खाली अंतरिम आदेश मागता येतो, परिस्थिती तशी असेल तर समोरच्याला न ऐकताही. आमच्या न्यायाधीशांनी त्याला नोटीस काढली, त्याचं म्हणणं घेतलं, आणि साधारण तीन आठवड्यांत अंतरिम आदेश दिला.

त्याचं म्हणणं होतं, "माझं पोटच या रस्त्यांवर आहे. मी गंगापूर रोडला जायचंच नाही का?" प्रश्न खोटा नव्हता, आणि आदेश लिहिताना न्यायाधीशांनी त्याचा विचार केला, हे मला योग्य वाटलं. हमरस्त्याने जायला त्याला मनाई नाही. मावशीची गल्ली, कंपनीचं गेट आणि तिचा बसथांबा मात्र बंद. प्रत्यक्ष, फोन, मेसेज, समाजमाध्यमं, दुसऱ्यामार्फत निरोप आणि पैसे पाठवण्याच्या कुठल्याही ॲपवरून संपर्क बंद. ॲपचा उल्लेख नावानिशी यावा यासाठी मी आग्रह धरला, कारण "इलेक्ट्रॉनिक संपर्क" या दोन शब्दांवर उद्या वाद नको. मावशी आणि मावसबहिणीलाही संरक्षण. आदेशाची प्रत हद्दीतल्या पोलीस ठाण्याला विनामूल्य गेली, तरी आम्ही एक प्रत स्वतः नेऊन दिली आणि शिक्का घेतला.

या आदेशाची ताकद कलम ३१ आणि ३२ मध्ये आहे. अंतरिम आदेश मोडला तरी एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र. शिक्षा पाठलागापेक्षा कमी, पण ठाण्यातून त्याच दिवशी घरी जाता येत नाही. असल्या माणसाला थांबवतं ते हे.

दरम्यान पोलिसांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली चॅप्टर केसही, म्हणजे शांतता भंग होऊ नये म्हणूनची प्रतिबंधक कारवाई, चालवली. आयुक्तालय असलेल्या शहरात हे अधिकार सहायक पोलीस आयुक्तांकडे असतात. शांतता राखण्याचं बंधपत्र, जास्तीत जास्त एक वर्षाचं. बंधपत्र मोडलं तर कोठडीपर्यंत जाता येतं. एकत्र राहिलेल्या नसतील त्यांच्यासाठी मी हाच रस्ता सगळ्यात आधी धरते, गुन्हा नोंदवतानाच. त्याच्या जोडीला दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम. तो मोडला तर मालमत्ता जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद आहे, पण तिथे पोलीस आपणहून येत नाहीत, पुन्हा न्यायालयातच जावं लागतं. मुलगी १८ च्या आतली असेल तर लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांना संरक्षण देणारा पोक्सो कायदा लागतो आणि सगळंच बदलतं. खासगी फोटो पसरवायची धमकी असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ ई, ६७, ६७ अ ही कलमं आहेत. सायबर हेल्पलाइन १९३०. समाजमाध्यमाकडे तक्रार केल्यावर असा फोटो २४ तासांत काढायचं बंधन २०२१ च्या नियमांनी घातलं होतं, फेब्रुवारी २०२६ पासून ही मुदत दोन तासांची आहे. पुरुषाचा पाठलाग होत असेल तर कलम ७८ त्याला मिळत नाही, धमकीची आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं वापरावी लागतात. ही उणीव आहे, ती भरून यायला हवी.

आदेशानंतर

४० दिवस काही झालं नाही. ४१ व्या दिवशी एका अनोळखी खात्यावरून एक रुपया आला. "कोर्टात काय काय सांगितलंस?" खातं त्याच्या मित्राचं निघालं.

तिने मला विचारलं नाही. आदेशाची प्रत घेऊन थेट ठाण्यात गेली, मावसभाऊ सोबत. मला फोन आला तो फिर्याद झाल्यावर. त्याला त्याच संध्याकाळी अटक झाली. मित्राने जबाबात सांगितलं की फोन त्याने मागून घेतला होता. चार दिवसांनी जामीन झाला, पण या वेळी अटींसकट : संपर्क नाही, दर रविवारी ठाण्यात हजेरी, अट मोडली तर जामीन रद्द. पाठलागाच्या गुन्ह्यात जे मिळालं नव्हतं ते इथे मिळालं.

त्यानंतर आठ महिने झाले. तो दिसला नाही, मेसेज नाही. त्याने बदली मागून घेतल्याचं कळतं. ती परत गोविंदनगरच्या ट्रॅकवर जाते, पण संध्याकाळी नाही, सकाळी, आणि कानात काही न घालता. आदेशाची झेरॉक्स पर्समध्ये, एक कंपनीच्या सिक्युरिटीकडे, एक आईच्या देवघरात.

त्याच्या घरच्यांनी मध्यंतरी मावशीकडे माणूस पाठवला होता, केस मागे घ्या म्हणून. पाठलागाचा गुन्हा आपसांत मिटवायच्या यादीत नाही. तो रद्द करायचा तर उच्च न्यायालयातच जावं लागतं आणि तिथे तिची संमती विचारली जाईल. ती नाही म्हणाली. मी तिला काही सल्ला दिला नव्हता.

पाठलागाच्या खटल्यात दोषारोपपत्र दाखल झालंय. तिचा न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब आधीच झाला आहे, आता साक्ष व्हायची. त्याच्यासमोर उभं राहावं लागेल का, हे तिने विचारलं. जिल्ह्याजिल्ह्यात असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळी केंद्रं करा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात दिले आहेत. तिथे साक्ष नोंदवावी असा अर्ज मी तयार केला आहे. निदान मध्ये पडदा तरी मिळावा.

मागच्या आठवड्यात ती बँकेची नवी प्रमाणित प्रत घेऊन आली. पगार तिने दुसऱ्या बँकेत वळवला आहे, पण जुनं खातं चालू आहे. "ते ३८ रुपये त्याला परत पाठवू का, ताई? मला नकोत." मी नाही म्हटलं. पाठवणं म्हणजे संपर्क. तिने मान हलवली, स्टेटमेंट पिशवीत घातलं आणि गाठ बांधली. खातं तेवढं साक्ष होईपर्यंत बंद करायचं नाही.